भरती नसलेलं पाणी

विक्रमने आईबाबांना डोंगरातल्या त्या तळ्यावर नेलं, ते काही नुसतं फिरवायला नाही. दोघं ऑस्ट्रियात आल्यापासून तो त्यांच्या मागे लागला होता, की आता समुद्रकाठच्या घिवलीला परत जाऊ नका, माझ्याकडेच राहा. बाबांचं, म्हणजे रामनाथांचं, उत्तर एकच, "बघू." तळं बघून बाबा विरघळतील, असा पोराचा डाव होता. सुलूबाईही मनातल्या मनात तेच मागत होत्या. पण नवऱ्याच्या आधी आपलं मत सांगायची त्यांना सवयच नव्हती. लग्न झाल्यापासून ते म्हणतील तिकडे त्या निघत आल्या होत्या.

तळं मात्र होतं अगदी स्वप्नातलं. डोंगर पाण्यात उलटे उभे, वरही ढग, खालीही ढग, आणि कुठूनतरी गाईंच्या गळ्यातल्या घंटा. सुलूबाईंनी काठावर बसून गारेगार पाण्यात पाय सोडले.

रामनाथांनी आल्या आल्या चपला, पिशवी, डबा असं सगळं उचलून वर झाडाच्या बुंध्याशी नेऊन ठेवलं.

"आज पंचमी हाय. उन्हं कलंपर्यंत पानी चढंल," ते म्हणाले.

"बाबा, हे तळं आहे. याला भरती नसते!"

"येवढ्या पान्यात होड्या चालतात, नि भरती नाय? शानपना शिकवू नको."

शेजारी एक गोरी आजी चादर अंथरून वाचत बसली होती. रामनाथांनी खाणाखुणा करकरून तिलाही उठवलं. विक्रमला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजी बिचारी हसत हसत चादर घेऊन वर गेली. मग भलं काम केल्याच्या समाधानात रामनाथ आडवे झाले आणि घोरायला लागले.

सुलूबाईंचेही डोळे पेंगुळले. घरी सगळं पाण्याच्या वेळेवर. ओहोटी लागली की खडकांवरची कालवं काढायला उठायचं, भरतीच्या आत परतायचं, मग चूल, मग वाडीतले चिकू. इथलं पाणी कुठेच जायला निघालेलं नव्हतं. आपणही कुठे निघायला नको, असं त्यांना वाटलं आणि फार सुख झालं. इतकं निवांत त्यांना माहेरीसुद्धा वाटलं नव्हतं. उलट्या डोंगरावरून एक पांढरी होडी हळूहळू चालली होती.

ऊन कललं तसे रामनाथ उठले. काठाशी जाऊन बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा पार उतरला.

"हाय तितंच हाय गे," ते म्हणाले. "येत नाय, जात नाय. हितं मी काय बघत बसू? मला नाय करमायचं. विक्रम, आमी दोघं जातो परत."

विक्रमने मान खाली घातली. सुलूबाईंच्या ओठांवर सवयीने 'बरं' आलं. आलं आणि तिथेच राहिलं.

"तुमी जा," त्या म्हणाल्या. "मी ऱ्हाते."

रामनाथांना वाटलं, ही झोपेत बोलतेय. "काय झालं गे तुला?"

"कायपन नाय झालं. मला करमतंय हितं."

"नि मी एकटा?"

सुलूबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. माणूस वाईट नव्हता. त्याने कधी त्यांच्यावर हात उगारला नव्हता, आणि कधी स्वतःच्या हाताने पाण्याचा पेलाही भरून घेतला नव्हता. त्यांचे डोळे वाहायला लागले, तरी त्यांनी शब्द मागे घेतला नाही.

"जायच्या आधी भात लावायला शिकवते तुमाला," त्या म्हणाल्या.