देवपुरातला देवगडचा बाक

देवपुरातल्या शकीलभाईच्या पॉलिशमध्ये बघून खुशाल कुंकू लावावं, असं धुळ्यात म्हणत. त्याच माणसाला सारिकानं सांगितलं, "भाई, हा नवा सागवानी बाक जुना करून द्या. पन्नास वर्षं समुद्राकाठी पडलाय असा."

"ताई, लोक माझ्याकडे जुनं नवं करायला येतात! तुमची उलटीच तऱ्हा."

कारण ऐकलं तेव्हा मात्र त्यानं बाक ठेवून घेतला. सारिकाच्या सासूबाई सुनंदाबाई देवगडच्या. माहेरचं घर गेल्या वर्षी विकलं, ओटीवरचा निळा बाकही त्यातच गेला. तेव्हापासून बाई खोलीतून उठत नव्हत्या, धड जेवत नव्हत्या.

शकीलभाईनं समुद्र कधी पाहिला नव्हता. जुनं लाकूड म्हणजे उन्हात पडलेलं, एवढंच त्याला ठाऊक. त्यानं बाक निळा रंगवला आणि अख्खा मे महिना पत्र्यावर तापवला.

बाक खोलीत आणला, तेव्हा सुनंदाबाईंनी भेगांवरून बोट फिरवलं. "ही तर पारोळ्याकडची मोडकी बैलगाडी झाली. समुद्र लाकूड फाडत नाही हो, चाटतो."

शकीलभाई ओशाळला. त्यांच्यापुढे जमिनीवरच बसला. "अक्का, मी काय समुद्र बघितला? तुम्हीच सांगा, कुठं कुठं चाटला होता?"

"पायांना, खालून वीतभर. राखेसारखे झालेले. आणि या कडेच्या दांडीवर रंगच नव्हता. आप्पा तिथं ताल धरून भजन म्हणायचे. पाठीला आम्हा तिघी बहिणींच्या वेण्यांचं तेल..."

कीर्तनात आख्यान रंगलं की श्रोते नकळत पुढे सरकतात, तसा शकीलभाई सरकत राहिला. बाई तासभर बोलल्या.

बाक परत दुकानात नेऊन त्यानं आधीचा रंग खरवडला, भेगा बुजवल्या. जिथं रंग उडालेला हवा तिथं मेणबत्ती घासली, वरून निळा हात दिला. वाळल्यावर सँडपेपर फिरवताच मेणावरचा रंग अलगद सुटला. पाय तारेच्या ब्रशनं घासून करडे केले. हात दोनदा पॉलिशच्या बाटलीकडे गेला; दोन्ही वेळा त्यानं मागे घेतला.

बाक ओट्यावर ठेवला, तेव्हा सुनंदाबाई भिंत धरत बाहेर आल्या. दांडीवर तळवा टेकून थांबल्या.

"आप्पांचा हात आणखी चार बोटं पुढे यायचा."

शकीलभाईनं खिशातून सँडपेपर काढला. "बसा अक्का. बसूनच सांगा."

त्या बसल्या. तो घासत राहिला, त्या सांगत राहिल्या. सारिकानं हळूच ताट पुढे ठेवलं.

"थोडी आमटी वाढ गं," पहिला घास घेत त्या म्हणाल्या, "आणि भाईंचं पान?"