बिनमाणसांचे फोटो

कवठे येमाईच्या गेणबाला पोरीचं भारी कौतुक होतं, फक्त तिच्या फोटोंचं नव्हतं. फोटो म्हणजे त्यात माणूस हवा आणि माणसाचे दोन्ही कान दिसायला हवेत, एवढं त्याचं साधं म्हणणं. आणि स्वप्नाली मुंबईच्या आर्ट कॉलेजातून सुट्टीला येताना आणायची काय, तर उंच उंच इमारती. त्याही काळ्यापांढऱ्या. कुठं नुसत्या खिडक्याच खिडक्या, कुठं इमारतीचा एक कोपरा आणि त्याची लांबलचक सावली. "रंगीत निघत न्हाई व्हय तुझ्या मशिनीत?" असं तो मागच्या दिवाळीत विचारून बसला होता.

या खेपेला मात्र थट्टेला जागा नव्हती. गेणबाच्या बायकोचा, गिताबाईचा, भाऊ चांगदेव सकाळपासून ओट्यावर ठाण मांडून बसला होता. नव्या मोबाइलला तिथंच रेंज मिळायची. त्यानं कारेगावचं स्थळ आणलं होतं, पोरगा कंपनीत पर्मनंट, आणि त्या लोकांना आजच्या आज शब्द हवा होता. लग्न यंदाच उरकायचं, म्हणजे स्वप्नालीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष बुडालं. तिनं मामाला चहा दिला आणि ती बापाकडं वळली.

"आबा, व्हय म्हणायच्या आधी एकदा फोटो बघा. मग तुम्ही म्हणाल तसं."

गेणबाचा होकार ओठांवर तयार होता. पण पोरीचा आवाज कापत होता, म्हणून तो उठला.

घरात तिनं घोंगडी अंथरून तिच्यावर फोटो मांडले होते. गेणबा उभ्याउभ्याच बघत चालला. खिडक्या. पुन्हा खिडक्या. यात राहणारी माणसं गेली कुठं, असं तो विचारणारच होता. शेवटचा फोटो सगळ्यांत मोठा, पाटाएवढा होता. त्यावर नजर गेली आणि त्याचा पाय जागीच अडला.

चारी बाजूंनी काळ्या भिंती सरळ खाली उतरल्या होत्या. खाली, आणखी खाली, निमुळत्या होत गेल्या होत्या आणि तळाशी पांढरंशुभ्र पाणी चमकत होतं. सगळी हयात विहिरी खोदण्यात गेलेल्या त्या माणसानं एवढी खोल विहीर कधी पाहिली नव्हती. आणि पोरगी अगदी काठावर उभी होती. त्यानं झटक्यात तिचं मनगट धरून तिला ओढलं.

"मागं सर! कठडा न्हाई!"

दारात येऊन उभा राहिलेला चांगदेव खो खो हसला. "दाजी, कागद हाय त्यो!"

गेणबा ओशाळला, पण त्याच्यानं मनगट काही सोडवेना. "कुठली इहीर ही?"

"इहीर न्हाई, आबा. वर हाय ते सगळं. चार टॉवरच्या मधी रस्त्यावर पाठ टेकून निजले आन् वर बघून काढला. ते पाणी न्हाई, आभाळ हाय."

गेणबा हळूच खाली बसला. फोटो दोन्ही हातांनी उचलून त्यानं डोक्यावर धरला आणि मान मागं टाकून वर बघितलं. डोक्यावरचा पटका घोंगडीवर पडला, त्याचंही त्याला भान राहिलं नाही.

अंगावर सरसरून काटा आला. हे तर त्याचंच होतं. सुरुंगाचा धूर निवळला की विहिरीच्या तळाशी उभं राहून तो असाच वर बघायचा. चहूकडं खडक आणि वर तेवढंसं आभाळ. दर वेळी भीती वाटायची आणि दर वेळी हात जोडावेसे वाटायचे. लग्न नवं असताना एकदा तो गिताबाईला हे सांगायला गेला, तर ती म्हणाली, आभाळ काय, इथनंबी दिसतंय की. मग त्यानं पुन्हा कुणाजवळ तोंड उघडलं नाही. आणि ज्या पोरीला त्यानं कधी विहिरीच्या काठाला फिरकू दिलं नाही, तिनं परक्या शहरात रस्त्यावर निजून ते हुबेहूब आणलं होतं.

"दाजी," चांगदेवनं मोबाइल पुढं केला, "काय कळवू त्यास्नी?"

गेणबानं फोटो खाली घेतला नाही. हात भरून आले होते, डोळेही.

"न्हाई म्हणून कळव," तो म्हणाला. आणि वर बघतच त्यानं पोरीला विचारलं, "सपे, आजून एकच वरीस राहिलंय न्हवं?"

"व्हय, आबा."

"एका वर्सात हुतंय का सगळं शिकून?"