सुताराचा वाचला

"शांतता! लहरी येत आहेत!" महाराज गरजले आणि शाळेच्या सर्वांत मोठ्या वर्गात दाटीवाटीने बसलेली माणसं चिडीचूप झाली. "गवंडी... पाय मोडलाय. पण जीव शाबूत आहे!"

दरड कोसळून वरच्या वस्तीचा रस्ता तुटला होता, फोन मुके झाले होते आणि वस्तीतल्या माणसांचे नातेवाईक इथे जीव मुठीत धरून बसले होते. अशा वेळी महाराज न उगवते तरच नवल. मिटलेले डोळे, कानांवरून घट्ट बांधलेलं फडकं, हवेत हात. त्यांनी सांगितलेलंच नंतर सरकारी माणूस येऊन सांगायचा, आणि झोळीत आणखी बांगड्या पडायच्या.

शेजारच्या प्रयोगशाळेत विज्ञानाच्या बाई आपल्या हौशी रेडिओला, म्हणजे हातातल्या वॉकीटॉकीला, चिकटून होत्या. वरून आरोग्यकेंद्राचा कंपाउंडर वॉकीटॉकीवर बोलायचा. बाई ते शब्दशः उतरवून अधिकाऱ्याकडे द्यायच्या, आणि खात्री होईपर्यंत ते तिथेच अडकायचं.

बाईंचा सख्खा मोठा भाऊ, सुतार, वरच होता. त्याच्यासाठी त्यांनी निरोप दिला होता, "बायको, मुलगी सुखरूप." बऱ्याच वेळाने खरखरीतून उत्तर आलं.

"सुताराचा वाचला. ओव्हर."

म्हणजे निरोप वाचला. वरच्या छावणीत निरोप मोठ्याने वाचून दाखवायचे आणि तसं कळवायचं, ही कंपाउंडरची रीत. पण तो ऐकला कुणी?

"सुतार आहे का तिथे? ओव्हर."

"विचारून सांगतो. ओव्हर."

तेवढ्यात भिंतीपलीकडून आरोळी आली, "सुतार वाचला! बायकोला हाका मारतोय!"

बाई वर्गाच्या दाराशी धावल्या. वहिनी पोरीला कडेवर घेऊन निघालीच होती.

"वन्सं, ऐकलंत? वाचले ते! मी जाते वर."

"वहिनी, डोंगर अजून घसरतोय!"

"मग त्यांना तिथे हाका मारत राहू द्यायचं का?"

खरं असावं, असं बाईंनाही वाटलं. फार वाटलं. पण 'वाचला' हा शब्द फक्त रेडिओवर उमटला होता. तिकडे वाचला होता निरोप, आणि महाराजांनी वाचवला माणूस! म्हणजे गृहस्थ पाहत नव्हते, चोरून ऐकत होते. तेही अर्धवट.

"जा, पण आधी एकदा महाराजांकडे बघ," त्या म्हणाल्या. हातातल्या वॉकीटॉकीचं बटण दाबून त्यांनी माइकवर नखाने जोरात टिचकी मारली. महाराजांच्या मानेला हिसका बसला. पुन्हा टिचकी. पुन्हा हिसका! लोकांना वाटलं, लहरी वाढल्या. वहिनी मात्र बाईंच्या बोटाकडे बघत राहिली.

बाईंनी पुढे होऊन फडकं ओढलं. कानात इअरफोनचं बोंडूक, त्याची वायर सदऱ्यात, आणि कमरेला वॉकीटॉकी.

"हे यांचं दिव्यज्ञान. बॅटरीवर चालतं."

"हे... हे लहरी शुद्ध करण्याचं उपकरण आहे!" महाराज म्हणाले, आणि झोळी उचलू लागले. ती मात्र लोकांनी उचलू दिली नाही.

वहिनीने बाईंचा हात धरला. "मग ते आहेत की नाहीत, वन्सं?"

"मला माहीत नाही."

"त्याने निदान आशा तरी दिली होती!"

"त्या आशेने तुला आणि पोरीला दरडीखाली नेलं असतं गं." बाईंनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. "कळेल ते जसंच्या तसं सांगेन. एवढंच माझ्या हातात आहे."

वॉकीटॉकी खरखरली. "सुतार सापडला. मृत. ओव्हर."

निरोप घेणाऱ्याने तो परत म्हणून दाखवायचा असतो, चूक राहू नये म्हणून. वहिनी समोर होती, पोर टकामका बघत होती. बाईंनी बटण दाबलं.

"सुतार सापडला. मृत. बरोबर? ओव्हर."

"बरोबर."

मग बाईंनी दोघींना कवेत घेतलं आणि त्या हमसून हमसून रडल्या.

दुःखाच्या वेळी असा कुणी तुमच्याही दारात येईल. माणूस बुडताना काडीचाही आधार धरतो, त्यात त्याचा दोष नाही. पण पाया पडण्याआधी एवढं जरूर विचारा, "हे तुला कळलं कसं?" खरं सांगणाऱ्याला या प्रश्नाचा राग येत नाही.