माडबंदरची मागची वाट

आमच्या यांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण फाईल काही डोक्यातून उतरलेली नाही. अडतीस वर्षं दिल्लीत केंद्र सरकारची नोकरी केली की माणूस आमटीत मीठ कमी आहे हेसुद्धा मुद्देसूद सांगतो. असल्या माणसाला आमच्या केतकीने काम दिलं. केतकी आमची मुलगी, इथे नोएडातच एका कंपनीत आहे. कंपनी फोनवर गावं दाखवते. म्हणजे आपण त्या गावात जायचं, कानात ते इअरफोनचं बोंडूक घालायचं आणि फोन सांगेल तसं आपलं आपण चालायचं. गाईड नको, घासाघीस नको. त्यांना कोकणातलं एखादं जुनं बंदर हवं होतं. आमचे हे, श्रीरंग, माडबंदरचे. झालं.

"बाबा, थोडं फनी लिहा यार," केतकी म्हणाली.

यांनी अकरा थांबे लिहिले. प्रत्येकाला क्रमांक, विषय आणि पार्श्वभूमी. "पर्यटकाने डावीकडे वळण्याची कृपा करावी" हे वाक्य नऊ वेळा. केतकीने सात ठिकाणी ते काढलं, दोन ठिकाणी तडजोड झाली. पाखाडी म्हणजे काय हे तिला माहीत नव्हतं. उतारावरची दगडी पायऱ्यांची वाट, मी सांगितलं. दिल्लीत वाढलेली पोर, तिचा काय दोष.

आता खरी गोष्ट सांगते, लपवण्यासारखं काही नाही. श्रीरंग स्वतः बावीस वर्षं माडबंदरला गेलेले नाहीत. सासूबाई गेल्या तेव्हा संसदेचं अधिवेशन चालू होतं. यांच्या विभागाचा प्रश्न लागला होता. साहेबांनी रजा नाही म्हटलं आणि यांनी दुसऱ्यांदा मागितली नाही. आठव्या दिवशी गावी फोन केला तेव्हा थोरले भाऊ, राजाभाऊ, एवढंच म्हणाले, "आता कशाला येतोस? तुझं अधिवेशन होऊ दे." मग त्यांनी बोलावलं नाही आणि हे गेले नाहीत. मी मध्ये पडून पाहिलं, दोन्हीकडून बोलणी खाल्ली आणि नाद सोडला. सणासुदीला मी आणि जाऊबाई फोनवर बोलतो, हे शेजारी बसून पेपर वाचतात. पान उलटत नाहीत.

मग गाव न बघता अंतरं कशी लिहिली? तर म्हणे पाठ आहेत. लहानपणी वडिलांचा जेवणाचा डबा बंदरावर पोचवायचे, पावलं मोजत जायचे. जकात चौकीपासून धक्क्याच्या टोकापर्यंत चारशे बारा. रेकॉर्डिंग केलं आणि ते नीट बसतं का बघायला मला आमच्या सोसायटीत चालवलं. टॉवर बी म्हणजे जकात चौकी, गेट नंबर दोन म्हणजे धक्का, जनरेटरची खोली म्हणजे मारुतीचं देऊळ. मी कानात नवऱ्याचा आवाज घेऊन चालतेय, आणि मागून प्रत्यक्ष नवरा वही घेऊन. तिसऱ्या दिवशी गार्डने विचारलं, "मॅडम, कुछ खो गया है क्या?"

"समंदर," मी म्हटलं. त्याने रजिस्टरमध्ये काहीतरी लिहिलं.

सहाव्या थांब्यावर मी थबकले. मारुतीच्या देवळापासून दीपस्तंभाकडे जाताना फोन मला देवळामागच्या बोळातून न्यायला लागला. अहो, मी त्या गावात नवी नवरी म्हणून दोन महिने राहिलेय. सरळ रस्ता आमच्या घरावरून जातो.

"मागून कशाला?" मी विचारलं.

"अलका, पुढे रहदारी असते," हे म्हणाले. माडबंदरला रहदारी! मी मुकाट बोळाकडे वळले. जखमेवर मीठ कशाला चोळा.

कंपनीचा एक नियम होता. गावातल्या माणसाने सगळी वाट चालून बघायची आणि चुका लिहून द्यायच्या. केतकीने जेवताना सहज सांगितलं, "काकांना पाठवलंय. त्यांच्याशिवाय आपल्या ओळखीचं तिथे आहे कोण?"

यांचा घास हातात राहिला.

"त्याला कळेल," हे म्हणाले.

"काय कळेल बाबा?"

"काही नाही. भेंडी छान झालीय." लग्नाला चाळीस वर्षं झाली, भेंडीला कधी नावं ठेवली नाहीत की चांगलं म्हटलं नाही.

पुढचे आठ दिवस हे फोन उशाशी घेऊन बसले. मला त्यांचा राग येत होता आणि कीवही येत होती. साठी उलटलेला माणूस, भाऊ काय म्हणेल म्हणून जेवत नाही. तिकडे राजाभाऊ सत्तरीचे, कानात धाकट्या भावाचा आवाज घेऊन एकटे गावभर हिंडत असतील. बावीस वर्षांत त्यांनी तो ऐकला नव्हता.

नवव्या दिवशी चार कागदांचे फोटो आले. राजाभाऊ हेडमास्तर होते, त्यामुळे सगळं लाल शाईत. मी मोठ्याने वाचायला घेतलं.

"एक. जकात चौकी पाडली. तिथे मोबाईलचे दुकान आहे.

"दोन. पावले सर्वत्र चूक. चौकीपासून चारशे बारा मोजत गेलो असतो तर धक्का संपून पाण्यात गेलो असतो. ही नऊ वर्षांच्या मुलाची पावले आहेत. एक तृतीयांश कमी करावीत."

"बरोबर आहे," हे म्हणाले. "मी तेव्हा चौथीत होतो."

तीन, चार, पाच किरकोळ. दर्ग्याचा दरवाजा आता हिरवा नाही, वगैरे. मग सहा.

"सहा. देवळामागून वाट दाखवली आहे. तिथून कुत्रेसुद्धा जात नाही. सरळ रस्ता आपल्या घरावरून आहे. तो का वगळला?"

केतकी म्हणाली, "बाबा, मी ते एडिट करून…"

"तू थांब," मी म्हटलं. खाली अजून दोन ओळी होत्या. त्या मला वाचवेनात, म्हणून फोन यांच्या हातात दिला. यांनी चष्मा कपाळावर चढवला, फोन डोळ्यांजवळ धरला आणि सावकाश वाचलं.

"घराविषयी माहिती दिलेली नाही. लेखकाने स्वतः येऊन पाहणी करावी, मगच लिहावे. अलकाला सोबत आणावे."

त्यांनी ते पुन्हा वाचलं. मग ऑफिसातल्या आवाजात मला विचारलं, "ही सूचना समजायची की आदेश?"

अडतीस वर्षं कागद वाचण्यात घालवली, आणि हा एक कागद वाचता येईना. माझे डोळे भरून आले, आणि खरं सांगते, संतापही आला.

"बोलावणं आहे ते," मी म्हटलं. "राजाभाऊंनी बोलावलंय तुम्हाला."

श्रीरंग बसल्या जागी रडायला लागले. केतकीने बापाला असं कधी पाहिलं नव्हतं. तिने गाडीची तिकिटं बघायला घेतली.