धोट्याची बदली

तुरुंगाच्या विणकाम कारखान्यात एक जुना यंत्रमाग होता आणि तो एकाच माणसाचं ऐकायचा. मागाला सगळे कैदी म्हातारी म्हणत, आणि त्या माणसाला धोट्या. धोटा म्हणजे मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणारा, होडीच्या आकाराचा लाकडी तुकडा. दिवसभर पळतो, पण मागाबाहेर काही जात नाही. हे नाव ठेवणारा कुणीतरी जन्मठेपेतलाच असणार. बाहेरच्या माणसाला इतकं नेमकं सुचत नाही.

धोट्याही जन्मठेपेचाच. आत येण्याआधी तो ट्रक चालवायचा. गाडी मागेपुढे घेण्यावरून एकाशी भांडण झालं, हातात लोखंडी पाना होता, आणि समोरचा पडला तो उठलाच नाही. त्याबद्दल धोट्या कधी बोलत नसे आणि त्याला कुणी विचारतही नसे. आत सगळ्यांचीच झाकली मूठ असते.

म्हातारीवर सरकारी इस्पितळांच्या चादरी निघायच्या. तिचे नखरे फार. हवा दमट झाली की धागा तोडायची, कोरडी झाली की धोटा फेकायची, आणि दुसऱ्या कुणी कळ दाबली तर जागेवर थरथरत बसायची. धोट्या आला, बाजूच्या लाकडावर तळहात ठेवून उभा राहिला, कुठलासा स्क्रू अर्धा फेरा पिळला, की खटाखट चालू. मास्तर म्हणायचे, "अरे, बायको तरी एवढं ऐकते का रे?" मास्तर म्हणजे बाहेरून पगारावर येणारे विणकाम शिक्षक. निवृत्तीला टेकलेला, भित्रा, सरळ माणूस. ते हसले की सगळ्या कारखान्यानं हसायचं असा रिवाज होता. धोट्याही हसायचा, पण मान खाली घालून.

कारण ह्या म्हातारीनंच त्याला दुसऱ्या म्हातारीपासून अडवून धरलं होतं. त्याची आई राहायची ते गाव इथून एक अख्खा दिवस आणि अख्खी रात्र लांब. तिचे गुडघे गेलेले. वर्षातून एकदा ती यायची, दोन बस आणि एक गाडी बदलून, आणि भेटीच्या खोलीत जाळीपलीकडे उभी राहिली की निम्मा वेळ तिला दम खाण्यातच जायचा. आईच्या गावाजवळ एक लहानसा तुरुंग होता. धोट्याला तिथे बदली हवी होती, एवढंच. आंधळा मागतो एक डोळा, ह्यानं तर अर्धाच मागितला. सुटका नको, सूट नको, नुसती जागा बदला.

साहेब, म्हणजे तुरुंगाचे अधीक्षक, अर्ज वाचायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, "तुला पाठवलं तर चादरी काय मी विणू? आणि तिथे जाऊन करणार काय? तिथे कारखाना नाही. नुसतं अंगण झाडशील. इथे हाताला काम आहे, नाव आहे." ह्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. अर्जावर शेरा पडायचा, 'पर्यायी कारागीर नाही, तूर्त शक्य नाही'. माणसानं मन लावून काम करावं, सुधारावं, असं भिंतीवर ठळक अक्षरांत रंगवलेलं होतं. ह्यानं ते मनावर घेतलं, हीच त्याची चूक झाली.

बराकीतल्या एकानं सल्ला दिला, "काम बिघडव की लेका. दोन चादरी फाड, आपोआप हाकलतील."

"हाकलतील कुठे? अंधारकोठडीत," धोट्या म्हणाला. "वर भेटी बंद." आणि खरं सांगायचं तर त्याच्या हातांनीही ते ऐकलं नसतं. इतक्या वर्षांत चांगली झालेली एवढी एकच गोष्ट होती त्याच्याकडे.

मग त्यानं दुसरी वाट धरली. आपल्या जागी माणूस तयार करायचा, म्हणजे शेऱ्यातला तो पर्यायी कारागीर साहेबांपुढे उभाच करायचा. पहिला मिळाला एक खिसेकापू. बोटांत अशी सफाई की तुटलेला धागा हा डोळे मिटून सांधायचा. म्हातारीही त्याच्यावर खूश झाली. धोट्यानं अर्ज लिहायला घेतला आणि त्याच आठवड्यात खिसेकापू सुटला. जाताना धोट्याला मिठी मारून म्हणाला, "उस्ताद, तुमच्यामुळे धंदा शिकलो." नंतर कळलं, तो बाहेर आपल्या जुन्याच धंद्याला लागला. दुसरा आला एक कारकून, अफरातफरीतला. हळू शिकला पण पक्का शिकला, आणि सुटला. तिसरा एक पहिलवान. त्याच्या पंजात धोटा काडेपेटीएवढा दिसायचा, तरी बिचारा शिकला आणि सुटला. नियमच तसा होता. ज्यांची सुटका जवळ आली आहे त्यांनाच कारखान्यात शिकायला पाठवायचं, बाहेर जाऊन पोटाला लागावेत म्हणून. नियम किती शहाणा आहे, बघा. धोट्या शिकवायचा आणि शिकलेला माणूस त्याच्याच देखत दारातून बाहेर पडायचा.

"लांबच्या शिक्षेचा एखादा द्या की मास्तर," तो म्हणायचा.

"माझ्या हातात काय आहे रे?" मास्तर म्हणायचे, आणि त्यांच्या हातात खरंच काही नसायचं. चहाचा कप सोडून.

आईला मात्र त्यानं निरोप धाडला होता, आता तू येऊ नकोस, मीच येतोय. म्हणजे उद्या-परवाच येतोय अशा थाटात. त्यावर उन्हाळे गेले, हिवाळे गेले. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, तशी त्याच्या बदलीची गत झाली.

आणि एका भेटीच्या दिवशी त्याचा नंबर पुकारला गेला. त्याच्याकडे तर कुणी येणारच नव्हतं. तो धावत गेला. जाळीपलीकडे आई उभी होती. आणखी लहान झालेली, पण तिला दम लागला नव्हता. हे त्याच्या लगेच लक्षात आलं नाही.

"आई, तू? तुला सांगितलं होतं ना, मीच येतोय म्हणून?"

"किती दिवस येतोयस?" आई म्हणाली.

दोन्ही बाजूंनी माणसं जाळीला तोंड लावून ओरडत होती.

"मी म्हटलं, ह्याच्या येण्याचं काही खरं नाही. आपणच जावं."

"अगं, पण परत एवढा प्रवास करायचा म्हणजे..."

"परत कोण जातंय?" आई अशी हसली की तिचा एक उरलेला पुढचा दात दिसला. "घराची किल्ली तुझ्या चुलतभावाला देऊन टाकली. त्याचं खटलं मोठं, त्याला जागा हवीच होती. मी इथे खोली घेतलीये. तुमच्या ह्या मागच्या भिंतीपलीकडे गल्ली आहे ना, तिथे. निळं दार आहे. पायरी नाही, गुडघ्यांना बरं. शेजारीण कपडे शिवते, तिला मी काजं-बटणं करून देते. माझं भागतं."

"घर देऊन टाकलंस?"

"घराला काय चाटायचंय? तू आहेस का त्यात?" मग ती जाळीजवळ आली. "आणि ऐक ना, तुझा भोंगा मला घरात ऐकू येतो."

"कुठला भोंगा?"

"कारखान्याचा रे! सकाळचा झाला की मी चहा टाकते. म्हणते, बसला आता माझा पोरगा कामाला. दुपारचा झाला की जेवायला बसते. तूही तेव्हाच जेवतोस ना?"

"हो."

"बघ! किती वर्षांनी आपण एका वेळी जेवतोय."

धोट्या त्या दिवशी बराकीत परतला तो वेगळाच माणूस होऊन. इतकी वर्षं त्या भोंग्याला तो शिव्या घालत आला होता. आता दुपारचा भोंगा झाला की ताट घेऊन मागच्या भिंतीकडे तोंड करून बसायचा आणि पहिला घास जरा थांबून घ्यायचा. गुडघ्यांमुळे आईला बसायला वेळ लागत असेल म्हणून. पुढच्या भेटीला ती आली, त्याच्या पुढच्यालाही आली. तिच्या तोंडून त्याला गल्लीतल्या भांडणांची, शेजारणीच्या आळशी नवऱ्याची, नळाच्या पाण्याची सगळी खबर कळायला लागली. तो सुखी होता. हा शब्द तुरुंगात कुणी वापरत नाही, पण तो सुखी होता.

एकदा सावधगिरी म्हणून तो मास्तरांना म्हणाला, "मास्तर, मला आता बदली नको. आई इथेच आलीये. माझा अर्ज परत घ्यायचाय."

"कसला अर्ज?" मास्तर म्हणाले. "तो केव्हाच नामंजूर झालाय. नामंजूर झालेला अर्ज परत कसा घेणार? वेडा आहेस का?"

हे म्हणणं बिनतोड होतं. धोट्या हसला आणि मागावर जाऊन बसला.

मग नवीन यंत्र आलं. कुठल्याशा योजनेतून, मोठ्या लाकडी खोक्यात. साहेबांनी फीत कापली, फोटो निघाले. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, तशी ती वस्तू. बटण दाबलं की स्वतःच चालायची, धागा तुटला की स्वतःच थांबायची, लाल दिवा लावून बोलवायची. तिच्यात आडवा धागा हवेच्या झोतानं जायचा. धोटाच नव्हता तिच्यात. ते चालवायला दोन माणसं आठवड्यात तयार झाली, दोघंही सुटकेला आलेली. ती गेली तरी काळजी नव्हती, तिसरं कुणीही चाललं असतं. म्हातारीचे मात्र कटरनं तुकडे केले आणि भंगाराच्या टेम्पोत भरले. बाजूचं लाकूड, ज्यावर धोट्या तळहात ठेवायचा, ते हातापुरतं गुळगुळीत झालं होतं. तेही टेम्पोत गेलं. गरज सरो, वैद्य मरो. त्याच्या हातात झाडू आला. त्याचंही त्याला वाईट वाटलं नाही फारसं. भोंगा तोच होता आणि भिंतही तीच होती.

एका संध्याकाळी साहेबांनी बोलावलं. साहेबांच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"तुझं काम झालं बघ!" ते म्हणाले. "यंत्र आलं त्याच दिवशी मी वर लिहिलं. म्हटलं, ह्या माणसाला आम्ही कामासाठी अडवून ठेवलं, आता अडवायला कारण उरलं नाही. बदली मंजूर. आईजवळ जातोयस."

"साहेब, मला जायचं नाही."

"काय?"

"आई इथे आलीये, साहेब. कायमची. मागच्या गल्लीत राहते. तिकडे आता आमचं कुणी नाही, घरही नाही."

साहेब मनानं वाईट असते तर बरं झालं असतं. निदान त्यांचा राग तरी करता आला असता. ते खुर्चीत मागे टेकले आणि कपाळ चोळत म्हणाले, "आधी का नाही सांगितलंस?"

"मास्तरांना सांगितलं होतं."

"अरे, मास्तरांना सांगून काय होतंय?" मग त्यांचा आवाज खाली आला. "हुकूम वरून आलाय. मीच भांडून मागितला. आता मीच नको म्हणू? काय सांगू त्यांना?"

"सांगा की चूक झाली."

"चूक कुठे झालीये? तुझाच अर्ज आहे. वर्षानुवर्षं तूच तर करत होतास." साहेबांनी पेन उचललं, परत ठेवलं. "असं कर. तिथे गेलास की इकडे बदलीसाठी अर्ज कर. मी शिफारस लिहीन."

"इथे माझं काम काय दाखवाल साहेब? मला कशासाठी मागून घ्याल?"

साहेबांनी हुकुमाचा कागद घडी घालून फायलीत ठेवला. बाहेर कुणीतरी बादली आपटली.

"निदान आईला निरोप..." धोट्या हात जोडून म्हणाला. "तिच्याकडे फोन नाही. निळं दार आहे, साहेब. हाकेच्या अंतरावर आहे."

"कैद्याची गाडी कधी निघते, ते बाहेर कळवता येत नाही. भेटीच्या दिवशी ती आली की खिडकीवर सांगतील." साहेब त्याच्याकडे बघत नव्हते. "मी त्यांना सांगून ठेवतो, नीट सांगा म्हणून."

सकाळी उजाडता उजाडता गाडी आली. मास्तर अजून यायचे होते. धोट्यानं आपलं गाठोडं मांडीवर घेतलं, बेडीचा हात शिपायाच्या बाजूला ठेवला. शिपाई चांगला होता, त्यानं बेडी सैल केली. गाडी फाटकातून बाहेर पडली आणि भिंतीच्या कडेकडेनं मागच्या बाजूला वळली. धोट्या गाडीच्या खिडकीच्या जाळीला चिकटला.

"हवालदार, एक मिनिट थांबवता का? नुसती हाक मारतो. उतरत नाही."

"अरे बाबा, ही काय तुझ्या मामाची गाडी आहे?" शिपाई म्हणाला. पण म्हणताना त्यानं दुसरीकडे पाहिलं.

गल्लीचं तोंड आलं आणि गेलं. एक नळ दिसला, नळापुढे लागलेल्या बादल्या दिसल्या, आणि आत, तिसरं की चौथं, एक निळं दार दिसलं. उघडं होतं. दारात कुणी नव्हतं. धोट्यानं "आई" म्हणून हाक मारली खरी, पण इंजिनाच्या घरघरीत ती त्याची त्यालाच नीट ऐकू आली नाही. भेटीचा दिवस अजून लांब होता.

गाडी मोठ्या रस्त्याला लागली तेव्हा मागे भोंगा झाला, रोजच्यासारखाच लांबलचक. शिपायानं घड्याळ पाहिलं आणि जांभई दिली. धोट्या गाठोड्यावर हात ठेवून बसून राहिला. आता तिनं चहा टाकला असेल.