कुलपातला आवाज

मी एक बोलकं यंत्र. ज्यांचा आवाज गेला, त्यांच्यासाठी बोलणारं. शाळेतल्या पाटीएवढं माझं अंग, पुढं काचेचा पडदा, वर बारीक कॅमेरा. माणसानं पडद्यावरच्या एकेका अक्षराकडे पाहायचं आणि मी ती अक्षरं जुळवून मोठ्यानं म्हणायची.

माझा जन्म परदेशातल्या एका लहानशा कारखान्यात झाला. मला भालकीला आणलं प्रणितानं, तिच्या वडिलांसाठी. रामाचार्यांनी चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं. नसांच्या आजारानं त्यांचे हातपाय लुळे पडले होते आणि आता जीभ जड होत चालली होती. आवाज पुरता जाण्याआधी त्यांनी तीन आठवडे खपून सोळाशे वाक्यं माझ्याजवळ बोलून ठेवली, म्हणजे पुढं मी बोलेन ते त्यांच्याच आवाजात. यादीत घरच्या माणसांची नावंही होती. जन्मात बायकोला कधी नावानं हाक न मारलेला तो माणूस घसा खाकरून म्हणाला, "नलिनी." स्वयंपाकघरात पळी खाली पडली.

तो आवाज कुणी चोरू नये म्हणून कारखान्यानं माझ्यात पक्कं कुलूप घातलं होतं. लोखंडाचं नव्हे, आकड्यांचं. ते फक्त रामाचार्यांच्या डोळ्यांनी उघडायचं. गणिताच्या मास्तरांना त्याचं भारी कौतुक.

दीड वर्ष मी त्यांच्या आवाजात बोललो. गल्लीतल्या पोरींची बीजगणितं सोडवून दिली, नलिनीबाईंशी भांडलोसुद्धा.

मग माझा कॅमेरा बिघडला. दुरुस्ती कारखान्यातच व्हायची, म्हणून मी परत परदेशी गेलो आणि दोन दिवसांत बराही झालो. पण तेवढ्यात तिथले नियम कडक झाले: इतकं पक्कं कुलूप असलेलं बोलण्याचं साधन परवान्याशिवाय देशाबाहेर पाठवायचं नाही. अशी कुलपं लढाईतही वापरतात म्हणे. माझ्यावर चिठ्ठी चिकटली आणि मी गोदामाच्या फळीवर जाऊन पडलो.

पुढचं मला नलिनीबाईंनी मागाहून सांगितलं. भालकीला फॉर्म आला. वापरणारा कोण? सैन्याशी संबंध आहे का? या यंत्रातून काय बोलणार?

"काय लिहू, आई?" प्रणितानं विचारलं.

"लिही की, पंखा कमी करा म्हणतेत. भाजीत मीठ न्हाई म्हणतेत. अजून काय बोलायलेत ते?"

प्रणितानं लिहिलं, घरगुती संभाषण. उत्तर आलं, तपशील अपुरा. पुन्हा फॉर्म, पुन्हा शिक्के, पुन्हा वाट.

तोवर नलिनीबाई पुठ्ठ्यावर अक्षरं लिहून एकेकावर बोट ठेवायच्या. हवं ते अक्षर आलं की रामाचार्य पापणी मिटायचे. मग पापणीही दमायला लागली. एका दुपारी तासभर खपून त्यांनी एवढंच जुळवलं: माझा आवाज आला का?

"यायलाय," नलिनीबाई म्हणाल्या. "वाटंत आहे."

मी फळीवरच होतो.

नवव्या महिन्यात परवाना मिळाला. मी घरी पोचलो तेव्हा रामाचार्यांना जाऊन बावीस दिवस झाले होते.

नलिनीबाईंनी मला चालू केलं. पडद्यावर उमटलं, 'रामाचार्य, इकडे पाहा.' त्यांनी चष्मा काढला आणि स्वतःचे डोळे माझ्यापुढं धरले. मी ते ओळखले, माझ्या कुलपानं नाही ओळखले. प्रणितानं वडिलांचे फोटो धरून पाहिले, कारखान्याला पत्रं लिहिली. त्यांनी खरं ते सांगितलं: किल्ली आमच्याकडेही नाही.

तरी नलिनीबाई रोज सकाळी माझी काच पुसून समोर बसत आणि बोलत राहत.

गेल्या आठवड्यात जवळच्या कोहिनूर गावची ईरम्मा नवऱ्याचा हात धरून आली. वय पस्तीस, आजार तोच, जीभ नुकती अडखळायला लागलेली. नवं यंत्र मागवायचं तर पुन्हा तोच परवाना, आणि तिचा आवाज तोवर टिकणार नव्हता. मी तिच्या कामी येऊ शकत होतो. मात्र आधी आतलं सगळं पुसावं लागणार होतं, रामाचार्यांचा आवाजसुद्धा.

"राहू दे, आई," प्रणिता म्हणाली. "उघडंल कधीतरी."

"कधी?"

नलिनीबाईंनी ईरम्माकडे पाहिलं.

"मी ह्यांना वाटंत आहे म्हणून फसवलं. आता हिला तसं म्हणायला जीभ रेटंना मला."

आज सकाळी नलिनीबाईंनी स्वतःच्या बोटानं बटण दाबलं. ईरम्मा कळवळली. "अक्का, तुमचं सगळं जायलाय की."

"जाऊ दे. तू बोल बाई. लेकरांवर कशी रागावतीस, ते सुद्धा बोलून ठेव."

पडद्यावरची पट्टी निम्म्याहून जास्त भरली आहे. माझ्यातलं एकेक वाक्य चाललं आहे. खोलीत कुणाला काही ऐकू येत नाही. नियम करणाऱ्या भल्या माणसांनो, कुलपांची काळजी जरूर घ्या, पण फळीवर ठेवलेल्या खोक्याची कोण वाट पाहतंय, तेही एकदा वाचत जा.

थोड्या वेळानं रामाचार्य कोण, हे मला आठवणार नाही. म्हणून तुम्हाला सांगून ठेवलं.