डॅशबोर्डात अडकलेली सुपारी

मी एक जुनी सुपारी आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून टाकते, माझ्या गोष्टीत मिरवण्यासारखं फारसं काही नाही. तरी सांगते. मनात ठेवून ठेवून जीव नकोसा झाला आहे.

समुद्राकाठच्या एका उंच झाडावर माझा जन्म झाला. उन्हात वाळले, साल निघाली, पोत्यात भरून रायपूरला आले आणि सदर बाजारातल्या पूजासाहित्याच्या दुकानात काचेच्या बरणीत पडले. शेजारी कापूर, जानवी, कुंकवाच्या पुड्या. किडक्या सुपाऱ्या दुकानदार बाजूला काढायचा. मी गोल, अखंड आणि बुडाशी सपाट होते. पूजेत गणपती म्हणून मांडायची सुपारी नीट बसणारी लागते. कुमुदताईंनी गल्ल्यावर एकेक सुपारी ठेवून पाहिली. बाकीच्या कलंडल्या, मी बसले. "हीच द्या भैया," त्या म्हणाल्या, आणि मी गर्वाने फुगले. पुढे माझं काय होणार हे तेव्हा कुठे ठाऊक होतं!

कुमुदताईंचे यजमान रत्नाकरराव रायपूरबाहेर उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका लोखंडाच्या कारखान्यात सामानाचं भांडार सांभाळतात. त्यांची गाडी बारा वर्षांची, पांढरी. दसऱ्याला त्यांनी ती धुऊन पुसून झेंडूची माळ घातली. डॅशबोर्डवर विड्याचं पान, पानावर मी. मला हळद लागली, कुंकू लागलं, डोक्यावर अक्षता पडल्या. विघ्नहर्ता म्हणून मला हात जोडले गेले. आयुष्यात तेवढाच माझा मान झाला, मित्रांनो.

पूजा झाली की अक्षता वाहून देवाला निरोप द्यायचा असतो, मग सुपारी उचलायची. पण सोनं वाटायला जायची घाई होती.

"अहो, उत्तरपूजा तर करा," कुमुदताई म्हणाल्या.

"राहू दे न. गणपती गाडीतच राहीन, रक्षा करन. आल्यावर करतो."

आल्यावर काही केलं नाही. पान वाळून गुंडाळलं आणि चौथ्या दिवशी एका वळणावर मी घरंगळले. समोरच्या काचेखाली हवेची जाळी असते, तिची एक पट्टी तुटलेली होती. मी थेट आत, हवेच्या नळीत. तेव्हापासून खड्डा आला की मी टकटक वाजायचे. उरल्याचा रस्ता ट्रकांनी उखडलेला, म्हणजे विचारूच नका. विघ्न दूर करायला बसवलेली मी, स्वतःच विघ्न होऊन बसले.

रत्नाकररावांचं डोकं उठलं. ते डॅशबोर्डवर बुक्की मारत, मी क्षणभर गप्प बसे आणि पुन्हा सुरू होई. "काहून वाजून राहिलं हे?" ते चिडून विचारत. उत्तर मला ठाऊक होतं, पण सुपारीला तोंड कुठे असतं?

दसऱ्याच्या आठ दिवस आधी गाडीचा एसी बिघडला होता. तो हिरालाल मिस्त्रीने डॅशबोर्ड खोलून दुरुस्त केला होता. ब्राह्मणपारा मोहल्ल्याच्या तोंडाशी त्याचं लहानसं गॅरेज आहे. रायपूरच्या कितीतरी मराठी घरांच्या गाड्या वीस वर्षं त्याच्याच हाताखाली होत्या. रत्नाकररावांनी गणित मांडलं: मिस्त्रीने खोलला आणि आवाज सुरू झाला, म्हणजे मिस्त्रीनेच काहीतरी आत सोडलं.

हिरालालने गाडी दोनदा तपासली, पैसे न घेता. पेच काढले, मोजले, पुन्हा लावले. त्याच्या गल्लीतला रस्ता गुळगुळीत आणि मी नळीच्या वाकणात अडकलेली. दोन्ही वेळा मी चकार शब्द काढला नाही. आणि परत उरल्याच्या वाटेला लागताच वाजले! याची मला आजही लाज वाटते.

तिसऱ्यांदा रत्नाकरराव गॅरेजमध्ये गेले ते तावातावानेच. तीन गिऱ्हाइकं उभी होती. "असली पेच निकालके लोकल लगाया है तुमने, इसीलिए बजता है!"

हिरालालचा हात थांबला. "भैया, बीस साल में किसी का एक पेच नहीं रखा मैंने," तो हळूच म्हणाला.

रत्नाकररावांनी ऐकून घेतलं नाही. घरी येऊन मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटावर त्यांनी लिहिलं, 'हिरालालकडे गाडी देऊ नका. भरवशाचा राहिला नाही.' आपली माणसं आपल्या माणसाचं चटकन ऐकतात. कुणी खातरजमा केली नाही.

महिना गेला. आवाज काही जाईना. मग एका रविवारी रत्नाकररावांनी व्हिडिओ पाहून स्वतःच कंबर कसली. कुमुदताई गल्लीतल्या खडबडीत भागातून हळूहळू गाडी चालवत होत्या आणि हे शेजारी बसून डॅशबोर्डचा एकेक भाग तळहाताने दाबत, कान लावत होते. जुन्या ब्लँकेटच्या पट्ट्या कापून त्यांनी फटींत कोंबल्या. मी वाजतच राहिले. शेवटी घरासमोर गाडी थांबवून त्यांनी समोरचा कप्पा उतरवला, मागची नळी सोडवली, हलवली आणि मी टपकन त्यांच्या मांडीवर पडले.

माझ्या अंगावर हळदकुंकू अजून होतं. त्यांनी मला ओळखलं आणि चेहरा उतरला. कुमुदताई चहा ठेवायला आत गेल्या होत्या. रत्नाकररावांनी आजूबाजूला पाहिलं आणि मला खिशात टाकलं. मग उघड्या डॅशबोर्डचा फोटो काढून गटावर लिहिलं, 'खडखड स्वतः दुरुस्त केली. मिस्त्रीची गरज नाही.' टाळ्यांवर टाळ्या पडू लागल्या. खिशातल्या अंधारात मला वाटलं, कीड लागून भुगा झाले असते तर बरं.

कुमुदताई फोन हातात घेऊनच बाहेर आल्या. "वाजत काय होतं?"

रत्नाकररावांनी मला खिशातून काढून दाखवलं. कुमुदताईंनी मला कपाळाला लावलं. मग म्हणाल्या, "निरोप आपण नाही दिला, अन् खापर त्या माणसावर फोडलं. फोटोत सुपारी काहून नाही टाकली तुम्ही?"

रत्नाकरराव खाली मान घालून पट्ट्यांचे तुकडे गोळा करत राहिले.

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन गॅरेजला गेले. जिथे चार गाड्या उभ्या असायच्या तिथे एकही नव्हती. हिरालाल एकटाच सायकलची ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधत होता. रत्नाकररावांनी मला पान्यांच्या पेटीवर ठेवलं आणि अडखळत सगळं सांगितलं, लपवलेला फोटोसुद्धा. "गलती मेरी थी," ते म्हणाले, "और बदनाम तुमको किया."

आता हा ओरडेल, मला नालीत भिरकावेल, असं मला वाटलं. भिरकावलं असतं तर मन हलकं झालं असतं. हिरालालने माझ्यावरचं सुकलेलं कुंकू पाहिलं. चिंधीने काळे हात पुसले, चपला काढल्या आणि मला हात जोडले. "गणेश जी हैं, भैया. औजार पर मत रखो." त्याने मला उचलून देवाच्या फळीवर ठेवलं.

रत्नाकरराव जवळच्या टायरवर बसले. मग म्हणाले, "अब क्या करूं, बोलो."

"हव, बोलता हूं. जहां लिखे थे न, वहीं लिख दो."

त्यांनी तिथेच बसून लिहिलं, 'खडखड आमच्याच पूजेच्या सुपारीची होती. हिरालाल निर्दोष आहे. मी त्याच्यावर खोटा आळ घेतला आणि सुपारी सापडल्यावर ती लपवली.' या वेळी टाळ्या पडल्या नाहीत.

मित्रांनो, त्यानंतर तीन गाड्या परत आल्या. बाकीच्या अजून आलेल्या नाहीत. वाईट बोलणं सगळीकडे पोचतं, माफी मात्र रेंगाळत जाते. म्हणून हात जोडून सांगते, काही वाजलं तर आधी आपल्या घरात शोधा, मग दुसऱ्याचं नाव घ्या. आणि देवाला बोलावलंत तर निरोपही द्या.

हिरालाल रोज सकाळी उदबत्ती लावतो आणि मलाच म्हणतो, "गणेश जी, आज कोनो गाड़ी भेज देबे."

मी काय पाठवणार? त्याच्या गाड्या घालवल्या त्या मीच.